घोडा राहू दे, आधी भाव सांग

"आत्या, या रेसला घोडा सांग ना," भाचा फोनवर विचारतो. मी विचारते, "भाव काय मिळतोय?" तो म्हणतो, "ते नंतर बघू गं, आधी घोडा सांग." इथंच आमचं घोडं पेंड खातं.

नव्याने रेस खेळणारा प्रत्येक जण 'कोण जिंकणार' यापासून सुरुवात करतो. मला आधी हे बघायचं असतं की घोड्याच्या जिंकण्याच्या शक्यतेला समोरचा किती भाव देतोय. पुढे जे काही लिहिलंय ते या एकाच गोष्टीभोवती फिरतं. तेव्हा खात्रीची टिप हवी असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

मी पेशाने हिशेबनीस. रेसच्या वाटेला गेले ती घोड्यांच्या प्रेमाने नाही, दादाच्या थापांमुळे. रेस खेळून आला की दादाचं एकच वाक्य ठरलेलं: "बरोबरीत सुटलो." वहिनीचा चेहरा मात्र वेगळंच सांगायचा. शेवटी मी म्हटलं, दादा, वर्षभर प्रत्येक डाव मला सांग, मी वहीत लिहिते. बिचारा कबूल झाला. वर्षअखेरीस वहीत २१२ डाव जमले. प्रत्येक डावाला सारखी रक्कम लावली असती तर काय झालं असतं, असा मी हिशेब केला. एका डावाच्या रकमेला मी 'माप' म्हणते. तुमच्या खिशाला परवडेल ते तुमचं माप. तर २१२ मापं गेली आणि १७१ परत आली. तूट ४१ मापांची.

खरी गंमत त्या ४१ च्या पोटात होती. दादाने ६१ वेळा लांबच्या भावाच्या घोड्यांवर, म्हणजे फारसं कोणी विचारत नाही अशा घोड्यांवर पैसे लावले होते. त्यातला एक २५/१ भावाने लागला. त्या घोड्याचं नाव आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ होतं. त्याने २६ मापं परत दिली, पण बाकीच्या ६० घोड्यांची नावं कुणालाच आठवत नव्हती. म्हणजे या ६१ डावांतच ३५ मापं बुडाली. उरलेल्या १५१ डावांत मिळून तूट फक्त ६ ची. आणि हे झालं सारखी रक्कम धरून. दादा हरला की पुढच्या रेसला दुप्पट लावायचा, त्यामुळे खऱ्या रकमांची बेरीज मी वहिनीला दाखवलीच नाही.

भाव म्हणजे टक्के

भाव ४/१ लिहिलेला असतो, म्हणजे एकाला चार. एक माप लावलं आणि घोडा लागला तर चार मापं नफा, शिवाय तुमचं एक परत. याचे टक्के काढायचे असतील तर उजवीकडचा आकडा दोन्हींच्या बेरजेने भागा. ४/१ म्हणजे पाचातला एक, २० टक्के. ३/१ म्हणजे २५. २/१ म्हणजे सव्वातेहतीसच्या आसपास. ६/४ म्हणजे ४०, आणि बरोबरीचा भाव, म्हणजे १/१, तो ५०. काही ठिकाणी हाच भाव दशांशात, ४/१ ऐवजी ५.० असा लिहितात. त्यात तुमचं मूळ माप धरलेलं असतं. १०० भागिले ५ केलं की तेच २० टक्के. ही आकडेमोड तोंडपाठ होईपर्यंत पैशाला हात लावू नका.

आता सहा घोड्यांची एक रेस घ्या. बुकीच्या फळ्यावर भाव आहेत २/१, ३/१, ४/१, ५/१, ७/१ आणि ९/१. टक्के मांडा: ३३.३, २५, २०, १६.७, १२.५, १०. बेरीज ११७.५. रेस एकच, जिंकणारा एकच, तर बेरीज १०० च यायला हवी. वरचे साडेसतरा ही बुकीची कमाई. सगळ्या घोड्यांवर त्या प्रमाणात पैसे लावले तर ११७.५ घालून १०० परत मिळतील, कोणताही घोडा येवो. अशी बेरीज करायला मिनिट लागत नाही आणि किती महागाच्या दुकानात उभे आहोत ते लगेच कळतं. ११० च्या आत असेल तर बरं. १२५ च्या वर असेल तर मी रेसचं कार्ड, म्हणजे घोड्यांची माहिती छापलेला कागद, घडी घालून पर्समध्ये ठेवते.

टोटचा मामला वेगळा. ही पद्धत १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी काढली. तिथे बुकी नसतो. सगळ्यांचे पैसे एका डब्यात पडतात, चालवणारा आपला हिस्सा आधी काढून घेतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. समजा डब्यात १०,००० जमले, हिस्सा २० टक्के, उरले ८,०००. जिंकलेल्या घोड्यावर एकूण २,००० लागलेले असतील तर प्रत्येक मापाला ४ परत, म्हणजे ३/१. हा हिस्सा ठिकाणाप्रमाणे साधारण १५ ते २५ टक्के असतो. इथे तुम्ही घोड्यांशी नाही, शेजारी उभ्या माणसांशी खेळता. आणि तिकीट घेताना दिसणारा भाव पक्का नसतो, तो गेट उघडेपर्यंत हलत राहतो. शेवटच्या मिनिटात मोठे पैसे आले की ५/१ चा घोडा ३/१ होऊन बसतो.

दादाशी वाद घालताना मी नेहमी १९७३ च्या बेलमाँट स्टेक्सचा, अमेरिकेतल्या एका मोठ्या रेसचा, दाखला देते. सेक्रेटेरियट नावाचा घोडा ३१ लेंथनी जिंकला; एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी. दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत. घोड्याचं याहून मोठं कौतुक कुठलं असणार? आणि लावणाऱ्याला मिळालं काय, तर २ डॉलरच्या तिकिटाला २ डॉलर २० सेंट. १/१० चा भाव. अकरा वेळा असे पैसे लावून एकदा जरी घोडा हरला तरी सगळी कमाई जागच्या जागी. आणि असे घोडे हरतात. मॅन ओ' वॉर आयुष्यात २१ वेळा धावला आणि एकदाच हरला, १९१९ साली अमेरिकेतल्या साराटोगाच्या मैदानावर. हरवणाऱ्या घोड्याचं नाव होतं 'अपसेट'.

दादाकडेही उत्तर तयार असतं. १९६७ ची ग्रँड नॅशनल, इंग्लंडमधली कुंपणांवरून उड्या मारत धावायची रेस. तेविसाव्या कुंपणापाशी घोडे एकमेकांवर आदळले, सगळा गोंधळ, आणि इतका मागे पडलेला फॉइनावॉन, की जॉकीला वाट शोधायला वेळ मिळाला, तो १००/१ भावाने जिंकला. किंवा २०२२ ची अमेरिकेतली केंटकी डर्बी: रिच स्ट्राइकला आदल्या दिवशी दुसरा घोडा गळाला म्हणून जागा मिळाली, आणि तो ८०/१ ने आला. सगळं खरं आहे. पण १९४९ साली ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रेसचे निकाल तपासून दाखवलं की लोक लांबच्या भावाच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर, कमी. पुढे अनेक देशांतल्या आकड्यांत तेच दिसलं. १००/१ चा घोडा शंभरात एकदाही येत नाही, ही अडचण आहे. म्हणून नवख्याला माझा पहिला नियम: १२/१ च्या वर पहिलं वर्षभर हात नाही लावायचा.

आणि नुसतं फेव्हरिट लावत बसलात तर? फेव्हरिट साधारण तीनातली एक रेस जिंकतो. तरीही डोळे मिटून लावलात तर हळूहळू हरालच, फक्त दादापेक्षा सावकाश.

आपले टक्के आधी लिहायचे

माझी रीत अशी. रेसच्या कार्डावर भाव छापलेले असतील तर त्यावर पट्टी ठेवते. घोडे आठ असतील तर प्रत्येकासमोर पेन्सिलीने १२.५ लिहिते. मग एकेका घोड्याचा इतिहास वाचत त्याचे टक्के वाढवते किंवा कमी करते. एकाचे वाढवले की दुसऱ्याचे कापायलाच हवेत, बेरीज १०० च राहिली पाहिजे. ही सक्ती फार गुणाची आहे. नाहीतर माणूस प्रत्येक घोड्याबद्दल 'यालाही चान्स आहे' म्हणत बसतो.

वरचीच सहा घोड्यांची रेस घेऊ. माझे टक्के आले ३५, १८, २४, १२, ७, ४. आता पट्टी उचलायची. ज्याला मी ३५ दिले त्याचा भाव २/१. एक माप लावलं तर सरासरी परत येणार ०.३५ गुणिले ३, म्हणजे १.०५. ज्याला २४ दिले त्याचा भाव ४/१, ०.२४ गुणिले ५, म्हणजे १.२०. मी दुसरा घेते. पहिला जिंकण्याची शक्यता जास्त आहे हे माझंच म्हणणं आहे, तरीही. कारण माझा अंदाज दोन-चार टक्क्यांनी चुकणारच आणि १.०५ मधला नफा त्या चुकीत वाहून जाईल. १.२० मध्ये चुकायला थोडी जागा आहे. भाचा म्हणतो, "म्हणजे चारातून तीनदा हरणार हे माहीत असताना लावायचं?" हो, तेच.

सोपं करायचं तर घोड्यासमोर किमान भाव लिहून ठेवा. १.२ भागिले तुमची शक्यता. २४ टक्क्यांसाठी ते येतं ५.०, म्हणजे ४/१. फळ्यावर ४/१ किंवा जास्त असेल तर घ्या. ३/१ झाला तर सोडा, घोडा कितीही आवडता असो. सोडलेला घोडा जिंकतो तेव्हा पोटात कालवाकालव होते. होऊ दे. वहीत त्यासाठी वेगळं पान ठेवलं आहे, पुढे सांगते.

एक सावधगिरी. तुमचे टक्के आणि फळ्याचे टक्के यात दुपटीहून जास्त फरक निघाला, तर बहुतेक वेळा चूक तुमची असते. तुम्ही ३० म्हणताय आणि फळा ८ म्हणतोय, तर काहीतरी तुमच्या नजरेतून सुटलंय. हाँगकाँगमध्ये कॉम्प्युटरच्या मदतीने रेस खेळून अफाट पैसा कमावलेले बिल बेंटर यांनी १९९४ च्या आपल्या लेखात हेच लिहिलंय: त्यांच्या गणितात लोकांनी ठरवलेला भावही मिसळला, तेव्हा अंदाज सुधारला. एवढ्या माणसांनी पैसे मोजून दिलेलं मत फुकट मिळतंय, ते वाचा.

कार्डात बघायचं काय

कार्डावर शंभर गोष्टी असतात. सुरुवातीला चार-पाच पुरे.

पहिली म्हणजे दर्जा आणि अंतर. मागच्या रेसला दुसरा आला, पण कोणाच्या मागे? वरच्या दर्जात पाचवा आलेला घोडा खालच्या दर्जात उतरला तर तो खालच्या दर्जात दुसऱ्या आलेल्यापेक्षा भारी असू शकतो. अंतर फर्लांगात दिलेलं असतं, एक फर्लांग २०१ मीटरचा, आठांचा मैल. पाच फर्लांगांत बाण असलेला घोडा दहा फर्लांगांत अखेरीला चालायला लागतो. आजच्या अंतरावर आणि आजच्यासारख्या जमिनीवर तो आधी काय धावलाय, एवढंच वाचा. गवत कडक असेल तर वेगळे घोडे, पाऊस पडून चिखल झाला तर वेगळे. पाऊस पडला की मी सगळे टक्के खोडून पुन्हा लिहिते, आणि आळस आला तर त्या दिवशी खेळतच नाही.

दुसरी, वजन. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, सगळे एका रेषेत यावेत म्हणून. ढोबळ हिशेब असा की पाच फर्लांगांत सुमारे तीन पाउंडांनी एका लेंथचा फरक पडतो, मैलाला सुमारे दोन पाउंडांनी, लांबच्या रेसला आणखी कमी वजनानेही. याचं सगळ्यात जिवाला लागणारं उदाहरण १९७३ च्या ग्रँड नॅशनलचं. क्रिस्पवर १२ स्टोन (एक स्टोन म्हणजे १४ पाउंड), रेड रमवर १० स्टोन ५ पाउंड. २३ पाउंडांचा फरक, साडेदहा किलोच्या आसपास. क्रिस्प कितीतरी पुढे होता, बघणाऱ्यांनी रेस संपली असं धरलं होतं. शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याचे पाय जड झाले आणि रेड रमने त्याला गाठून पाऊण लेंथने हरवलं. दोघांचा भाव सारखाच होता, ९/१. मला विचाराल तर त्या दिवशी घोडा क्रिस्पच मोठा होता. पैसे रेड रमने दिले.

तिसरी, आणि नवखे ही बघतच नाहीत, ती म्हणजे चाल. कोण पुढे पळणारा, कोण मागे राहून शेवटी येणारा? मागच्या तीन-चार रेसेसच्या नोंदींत ते कळतं. कार्डात पुढे पळणारा घोडा एकच असेल तर त्याला कोणी छेडत नाही, जॉकी आपल्या मनाने वेग ठेवतो आणि शेवटपर्यंत दम उरतो. असे तीन घोडे असतील तर ते एकमेकांना पळवून मारतात आणि मागचा कोणीतरी आयता येतो. मी कार्डावर पुढे पळणाऱ्यांसमोर बाण काढते. एकच बाण दिसला की त्या घोड्याला पाचेक टक्के वाढवून देते. माझ्या वहीत मिळकतीचा सगळ्यात जाड हिस्सा या एकट्या बाणांचा आहे.

गेटचा नंबर काही ठिकाणी महत्त्वाचा, काही ठिकाणी अजिबात नाही. इंग्लंडमधलं चेस्टरचं मैदान घ्या; जेमतेम मैलभराचा गोल, सतत वळण. तिथे कमी अंतराच्या रेसला आतल्या नंबरांना उघड फायदा. लांब सरळ पट्टा असेल तर नंबर विसरा.

दोन वर्षांच्या घोड्यांबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला १ ऑगस्टला. त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेला आणि मेमध्ये जन्मलेला, दोघेही कागदावर दोन वर्षांचे. त्या वयात तीन महिने म्हणजे पुष्कळ. जन्मतारीख दिलेली असेल तर बघा. नसेल, आणि अर्धे घोडे पहिल्यांदाच धावत असतील, तर ती रेस चहा प्यायला बरी.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घोडे बघायला मला आवडतं, पण त्यावर मी पैसे लावत नाही. घाम दिसला म्हणून घाबरू नका, उकाड्यात सगळ्यांनाच येतो. थंड दिवशी एकालाच फेस आला असेल तर मात्र तो जोर आधीच खर्च करतोय. एवढंच मला वाचता येतं. तबेल्यात काम करणाऱ्या एका माणसाने मला एकदा कानात सांगितलं होतं, "ताई, हा आज सुटलाच." मी वही बाजूला ठेवून पाच मापं लावली. घोडा गेटमधून सुटला खरा, सगळ्यांच्या शेवटी. मागाहून कळलं, त्या माणसाने त्याच रेसला आणखी तिघांना तीन वेगवेगळे घोडे सांगितले होते.

कुठला डाव खेळायचा

विन, म्हणजे घोडा पहिला येणार यावर लावायचं. झालं, पहिल्या वर्षाला एवढाच पुरे. तरी लोक विचारतात म्हणून सांगते.

ईच-वे म्हणजे दोन डाव, अर्धा विनला आणि अर्धा प्लेसला, म्हणजे पहिल्या दोघा-तिघांत येण्याला. दोन मापं जातात. आठ घोड्यांच्या रेसला बुकी बहुधा पहिल्या तिघांना प्लेस धरतात आणि विनच्या भावाचा एक-पंचमांश देतात. १०/१ चा घोडा दुसरा आला तर प्लेसचे ३ परत, दोन घातलेले, एक नफा. ४/१ चा दुसरा आला तर १.८ परत, म्हणजे 'घोडा आला' म्हणून टाळ्या पिटताना ०.२ गेलेले. एक-पंचमांशाच्या हिशेबात ५/१ च्या खाली ईच-वे लावणं हा तोट्याचा विमा आहे. आणि आठातला एक घोडा आयत्या वेळी गळाला तर काय होतं ते आधी विचारा; सात घोड्यांना बहुधा दोनच प्लेस असतात.

पहिले तीन अचूक क्रमाने ओळखायचे ते डाव दिसायला मोहक. आठ घोड्यांत असे ३३६ क्रम होतात. चार घोडे निवडून सगळे क्रम घेतले तरी २४ तिकिटं. बऱ्याच ठिकाणी या डावांवर टोटचा हिस्साही विनपेक्षा जास्त. बक्षीस मोठं दिसतं, कारण बुडणारे पुष्कळ.

माप किती आणि कधी

जे पैसे गेले तर घरात कुणाला कळणारही नाही, तेवढे बाजूला काढा. त्याचे शंभर भाग करा. एक भाग म्हणजे एक माप, आणि एका डावाला एकच. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथेच आणि सज्ञान असाल तरच. उसने घेऊन एकदाही नाही.

दादाची दुप्पट करायची युक्ती गणितात बसवून बघू. १ माप हरलं, २ लावले, ४, ८... सलग दहा हरलात तर १,०२३ मापं गेलेली आणि अकराव्या डावाला १,०२४ हवीत, कशासाठी, तर एक माप नफ्यासाठी. "सलग दहा कोण हरतं?" दादा विचारतो. माझ्यासारखे २४ टक्क्यांचे घोडे लावणाराच हरतो. कुठलेही दहा डाव घ्या, दहाही हरण्याची शक्यता ६ टक्क्यांहून जास्त आहे. दोनशे डावांत ती वेळ येणार असंच धरून चला. माझ्या वहीत सगळ्यात लांब रांग सलग सतरा हारींची आहे. शंभरातली सतरा मापं गेली, त्र्याऐंशी उरली, अठरावा डाव त्याच एका मापाने खेळले.

हाताशी फायदा किती त्या प्रमाणात रक्कम ठरवायचं एक सूत्र आहे, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेलं. आपल्या उदाहरणात, २४ टक्के आणि ४/१, ते सांगतं एकूण रकमेच्या ५ टक्के लावा. पण ते धरून चालतं की तुमचे २४ खरोखरच २४ आहेत. जाणती माणसंही त्याचा चौथा-पाचवा हिस्साच लावतात, म्हणजे पुन्हा एका मापाच्या आसपास. तेव्हा सूत्र कळलं नाही तरी बिघडत नाही.

दिवसाच्या शेवटच्या रेसला मी खेळत नाही. तिथे फळ्यासमोर उभा असलेला जो तो दिवसभराचं गेलेलं परत आणायला आलेला असतो. त्यांच्यात उभं राहिलं की मलाही माझी वजाबाकी आठवायला लागते.

वही

वहीत सात रकाने: तारीख आणि रेस, घोडा, माझे टक्के, किमान भाव, मिळालेला भाव, निकाल, शिल्लक. आणि एक जास्तीचा रकाना, शेवटचा भाव. गेट उघडताना घोड्याचा जो भाव होता तो. नवख्याला हा रकाना हारजितीपेक्षा लवकर शिकवतो. तुम्ही ४/१ ला घेतलेला घोडा शेवटी ३/१ झाला, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर तुमची नजर बरोबर आहे, भले महिनाभर हरत असाल. घेतलेले घोडे शेवटी ६/१ ला जात असतील तर जिंकत असाल तरी ते नशीब आहे. टोटवर खेळत असाल तर हा रकाना निरुपयोगी, कारण सगळ्यांना शेवटचाच भाव मिळतो. तिथे तुमचे टक्के आणि निकाल जुळतात का तेवढं बघा. २० ते ३० टक्के दिलेले सगळे घोडे एकत्र करा, त्यातले साधारण चौथा हिस्सा जिंकले पाहिजेत. शंभरेक नोंदी झाल्याशिवाय काही कळणार नाही.

दुसऱ्या पानावर सोडलेले घोडे लिहा, भाव कमी पडला म्हणून न घेतलेले. त्यातले जिंकतात ते डोळ्यांसमोर नाचतात. सगळे लिहिले की कळतं, ते घेतले असते तर काय झालं असतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या त्या पानावर ९० घोडे आहेत आणि खाली शिल्लक उणे ११.

पहिले पन्नास डाव नुसते कागदावर. पैसे नाहीत. टक्के लिहायचे, किमान भाव लिहायचा, निकाल लिहायचा. भाच्याचे पन्नास मागच्या आठवड्यात पूर्ण झाले. वही घेऊन आला, शिल्लक उणे साडेतीन मापं, आणि म्हणतो, "आत्या, आता खरे पैसे?" मी वही उलटून पाहिली. सव्विसाव्या डावापासून त्याचे टक्के आणि फळ्याचे टक्के अगदी जवळजवळ आले होते, जरा जास्तच जवळ. म्हटलं, "भाव बघून टक्के लिहितोस ना?"

तो हसला. मी पुढच्या रेसचं कार्ड काढलं, नऊ घोडे होते, आणि भावांच्या ओळीवर पट्टी ठेवून त्याच्यासमोर सरकवलं. अकरा-अकरा टक्के त्याने पेन्सिलीने लिहायला घेतले.